बँडवाला होईल, मग?

हे लिहू की नको, असं करता करता दोन महिने गेले. शेवटी परवा थोरल्या मामांचा फोन आला आणि ठरवलं, लिहूनच टाकू या. (मामा, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. मामी प्रिंट काढून देते आणि तुम्ही लाल पेन घेऊन शुद्धलेखन तपासता. या वेळी जरा मुद्द्यांकडेही बघा.)

तर झालं असं. मे महिन्यात रोह्याला घरचं लग्न होतं. हळदीच्या रात्री मुलाच्या मित्रांनी बेंजो आणला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आमच्या पेण-रोहा-अलिबागकडे हळद म्हणजे बेंजो हे समीकरण आहे. बेंजोबरोबर एक ट्रंपेटवाले काका आले होते, साठीच्या पुढचे. पूर्वी ब्रास बँडमध्ये वाजवायचे, तो बँड मोडला, आता जो बोलावेल त्याच्याबरोबर जातात. मधल्या विश्रांतीत माझा भाचा, म्हणजे मावसबहिणीचा मुलगा, नववीतला, त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. त्यांनी ट्रंपेटचं तोंडाकडचं टोक काढून त्याच्या हातात दिलं आणि ओठ कसे मिटायचे ते दाखवलं. गाल फुगवायचे नाहीत, वारा पोटातून आला पाहिजे, वगैरे. आधी नुसतं फुर्र फुर्र. मग टोक परत ट्रंपेटला लावलं आणि पाच-दहा मिनिटांत त्या पोरानं एक सूर काढला. सरळ, न थरथरणारा, चांगला लांब. ट्रंपेटवाले काका आधी हसत होते, ते हसायचे थांबले.

भाचा धावत मांडवात आला आणि म्हणाला, "आजोबा, मला हे शिकायचंय."

आणि आमचे थोरले मामा खुर्चीत रेलून म्हणाले, "या रोह्याने देशाला रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर दिला. आता आपलं घर बँडवाला देणार!"

सगळा मांडव हसला. मीही हसले. हे लिहायला दोन महिने लागले त्याचं कारण हेच आहे, मीही हसले.

मामांचा चिंतामणराव देशमुखांबद्दलचा अभिमान मला मान्य आहे, रोह्याच्या कुणालाही असावा. पण त्या रात्री साडेबारा वाजता मी पाणी आणायला मागच्या बाजूला गेले, तर जनरेटरच्या पलीकडे बेंजोवाले जेवायला बसले होते. कागदी ताटल्या. जिलबी संपलेली. ट्रंपेटवाले काका जेवायच्या आधी आपल्या पंचाने ट्रंपेट पुसत होते, आतली थुंकी काढून, तिन्ही कळा दाबून बघून. मांडवात मात्र तेव्हा विडे वाटणं चालू होतं.

त्यानंतर मी भाच्याला काही गाणी पाठवली. लुई आर्मस्ट्राँग, आणि आपला चिक चॉकलेट. त्यावरून परवाचा फोन. "तू त्या मुलाच्या डोक्यात जाझ भरवते आहेस. ते आपलं नाही, त्याला काही नियम नाहीत, आणि शेवटी काय, बँडवालेच ते!"

मामा, शेवटचं वाक्य तुम्ही बोललात ते अगदी बरोबर आहे. बँडवालेच ते. माझा सगळा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

जाझ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा सूट, मंद दिवे, पंचतारांकित हॉटेल असं काहीतरी येतं. ते फार नंतरचं. जाझ जन्माला आलं ते न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर, वरातीत. त्या शहरात कशालाही बँड लागायचा. मिरवणूक, सहल, नाच, मंडळाचा वाढदिवस, आणि मयतसुद्धा. मयताची पद्धत मोठी विलक्षण. स्मशानाकडे जाताना संथ, धीरगंभीर भजनासारखं वाजवायचं. पुरून झालं की परतताना ताल चढवायचा आणि मागून निम्मी वस्ती नाचत यायची. त्या मागच्या गर्दीला तिथे 'दुसरी रांग' म्हणतात. आपल्याकडे ज्यानं धावीर महाराजांच्या पालखीमागची रोह्याची गर्दी बघितली आहे, किंवा पेणला विसर्जनाची, त्याला ही दुसरी रांग समजावून सांगावी लागणार नाही. पालखीला पोलिसांची मानवंदना असते ती सगळ्यांना दिसते, फोटो येतात. खालुबाजावाल्यांचा फोटो कोण काढतं?

या न्यू ऑर्लिन्सच्या बँडवाल्यांमध्ये बडी बोल्डन नावाचा एक माणूस होता. जन्म १८७७. कॉर्नेट वाजवायचा, म्हणजे ट्रंपेटचंच जरा आखूड भावंडं. त्याचा आवाज केवढा मोठा होता याच्या दंतकथा आहेत, त्या सोडून द्या. पण नंतरच्या पिढीतले वादक 'हे वाजवणं कुणी सुरू केलं' असं विचारल्यावर ज्यांची नावं घेत त्यात त्याचं नाव पहिलं असे. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात भरती केलं आणि १९३१ साली तिथेच तो गेला. त्याच्या वाजवण्याची एकही रेकॉर्ड आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. एवढंच नाही, तर १९१७ साली जाझची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा ती वाजवणारे पाचही जण गोरे होते. रस्त्यावर वाजवलं एकांनी, तबकडीवर नाव दुसऱ्यांचं. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे मुंबईत परत लागणार आहे.

आणि आर्मस्ट्राँग? १९०१ चा जन्म. बाप सोडून गेलेला, आई मिळेल ते काम करायची, पोरगा कोळशाच्या गाडीवर. अकराव्या वर्षी नवीन वर्षाच्या आदल्या रात्री रस्त्यात पिस्तुलाचा बार काढला म्हणून पकडला गेला आणि त्याची रवानगी झाली काळ्या मुलांच्या सुधारगृहात, आपण ज्याला रिमांड होम म्हणतो तिथे. तिथे बँड होता. पीटर डेव्हिस नावाच्या शिक्षकानं आधी त्याच्या हातात बिगूल दिलं, मग कॉर्नेट. सुधारगृहाच्या त्या बँडमधून तो मिरवणुकीत वाजवत फिरला, स्वतःच्या वस्तीतूनही. विसाव्या शतकातल्या एवढ्या मोठ्या वादकाची पहिली ओळख 'रिमांड होमच्या बँडमधलं पोरगं' ही आहे. १९२२ साली किंग ऑलिव्हरनं त्याला शिकागोला बोलावून घेतलं, १९२३ मध्ये पहिल्या रेकॉर्डी, १९२५ पासून स्वतःच्या पाच जणांच्या.

आता एक गंमत. त्या पाच जणांत ढोल नाही. तालाचं काम पियानोबरोबर एक तंतुवाद्य करतं. त्याचं नाव बँजो. वाजवणारा जॉनी सेंट सीर. हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी अमेरिकेत घडवलं, भोपळ्याला कातडं ताणून. इकडे १९१२ साली जपानमध्ये नागोयाच्या एका वादकानं टंकलेखन यंत्रासारखी बटणं असलेलं एक तंतुवाद्य बनवलं. ते भारतात आलं, त्याला कुणी बुलबुलतरंग म्हणालं, कुणी बँजो. मग आपल्या लोकांनी त्याला वीज जोडली, कर्णा लावला, आणि त्याचं झालं बेंजो. मामा, तुमच्या अंगणात त्या रात्री जे वाजत होतं त्याचं शरीर जपानी, आवाज कोकणी, आणि नाव आफ्रिकेहून साखळदंडात गेलेल्या माणसांच्या वाद्याचं. 'ते आपलं नाही' म्हणताना आधी हळदीला विचारून घ्या :)

आता मुंबई. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी नावाच्या काळ्या अमेरिकन वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यानंतर टेडी वेदरफर्ड आला, पियानोवाला. हा शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर एकाच ऑर्केस्ट्रात वाजवलेला माणूस. तो पुढे परत गेलाच नाही. १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीनं गेला. या लोकांचं ऐकायला आणि हळूहळू त्यांच्याबरोबर वाजवायला कोण पुढे आलं? गोवेकर. कारण त्यांच्याकडे तयारी होती. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवायचे, व्हायोलिन शिकवायचे. ती पोरं मुंबईला येऊन धोबीतलावच्या कुडांत राहायची. कूड म्हणजे गावाची खोली, जशी आपल्या गिरणगावात गाववाल्यांची असायची तशीच.

मला यात नेहमी एक जुनी गोष्ट परत घडलेली दिसते. न्यू ऑर्लिन्समध्ये क्रिओल म्हणून एक मिश्र वंशाचा समाज होता, फ्रेंच वळणाचा, कागद वाचून वाजवणारा. ते स्वतःला साध्या काळ्या लोकांपेक्षा वरचे समजत. मग वर्णभेदाचे कायदे कडक झाले. होमर प्लेसी नावाच्या क्रिओल माणसाला १८९२ मध्ये गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसला म्हणून पकडलं, आणि १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की डबे वेगळे ठेवायला हरकत नाही. कायद्यापुढे क्रिओल आणि काळे एकच झाले. कागद वाचून वाजवणारे आणि कानानं वाजवणारे एका बँडमध्ये आले, आणि त्या घुसळणीत जाझला बळ मिळालं. चाळीस वर्षांनी मुंबईत अपोलो बंदरावर तेच. कागद वाचणारा गोवेकर आणि कानाचा राजा असा काळा अमेरिकन. फरक इतकाच की इथे दोघांच्याही समोर बसून जेवणारे साहेब, संस्थानिक आणि शेठ होते.

या गोवेकरांमधला एक अंतोनियो शाव्हिएर वाझ. जन्म १९१६, गाव हळदोणे, बार्देश. ट्रंपेट वाजवायचा, आर्मस्ट्राँग हे दैवत. नाव घेतलं चिक चॉकलेट. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडत असावं, कारण वाजवण्याची धाटणी, गाण्यातली घोगरी लकब, सगळं त्याने तिकडून मनापासून उचललं होतं. स्वतःचा बँड घेऊन तो ताजमध्ये वाजवायचा. पण हॉटेलातल्या बँडवाल्याचं काय असतं, रात्री तुम्ही मंचावर असता तोवर राजे, उतरलात की मागचा जिना. १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला आणि हॉटेलांतल्या नाचगाण्याच्या रात्रींना उतरती कळा लागली. वादकांना पोट होतं, घरं होती. दिवसा काम देणारी एकच जागा उरली, सिनेमाचं रेकॉर्डिंग.

इथे आपले अण्णा येतात. सी. रामचंद्र, रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. मराठी माणूस त्यांचं नाव निघालं की '१९६३, नेहरूंच्या डोळ्यांत पाणी' इथून सुरू करतो आणि तिथेच संपवतो. पण १९५१ चा 'अलबेला' आठवा. भगवानदादा आणि गीता बाली. त्या गाण्यांतली ती उसळी, ते पितळी वाद्यांचे फटकारे, दोन ओळींच्या मधल्या जागेत ट्रंपेट घुसून जे काही बोलून जातो ते, हे सगळं कुठून आलं? अण्णांचा सहायक होता चिक चॉकलेट. 'अलबेला'त तो आणि त्याचा बँड चक्क पडद्यावर दिसतात, झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून. आमच्या घरी पन्नास वेळा 'अलबेला' पाहिला गेला असेल. एकदाही कुणी विचारलं नाही की तो ट्रंपेटवाला कोण?

त्या वेळी काम कसं चालायचं ते सांगते, कारण याच्यावाचून मुद्दा कळत नाही. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा. मुखडा, अंतरा. ती चाल घेऊन एक माणूस बसायचा आणि पन्नास वादकांनी काय वाजवायचं ते प्रत्येकासाठी वेगळं कागदावर लिहायचा. सुरुवातीचं संगीत, मधले तुकडे, चालीच्या खाली चालणारे दुसरे सूर. त्याला अरेंजर म्हणत. हे लिहिणं ज्यांना येत होतं ते बहुतेक गोवेकर. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. रेकॉर्डवर नाव मात्र संगीतकार, गीतकार, गायक एवढ्यांचंच. सिनेमाच्या श्रेयनामावलीत आलाच तर 'सहायक'. चाल अण्णांचीच, याबद्दल माझं भांडण नाही. त्या चालीचं श्रेय कमी करायला मी बसलेले नाही. पण आपण घर बांधणाऱ्याचं नाव पाटीवर लावतो तेव्हा गवंड्याचं नाव विसरतो, आणि इथे तर निम्मे नकाशेही गवंड्याने काढलेले होते.

अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. प्यारेलालांना व्हायोलिन त्यांनी शिकवलं. १९५८ मध्ये त्यांनी हिंदुस्थानी रागांना सिंफनी ऑर्केस्ट्रात बसवण्यासाठी स्वतःच्या हिमतीवर एक वाद्यवृंद उभा केला. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं. देशातली पोरंसोरं ते नाव घेऊन नाचली. असा माणूस खरोखर आहे आणि गोव्यात राहतो आहे, हे किती जणांना माहीत होतं? २०१२ मध्ये ते गेले. अमिताभ अंड्यातून बाहेर येतो ते मात्र सगळ्यांना पाठ.

गेल्या हिवाळ्यात पेणला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. निवेदकाने अण्णांवर चांगलं वीस मिनिटं निरूपण केलं, कुठल्या गाण्यात कुठला राग ते सांगितलं. ट्रंपेटचे सगळे तुकडे कीबोर्डवर. शेवटी गायकांचे सत्कार झाले, शाली, श्रीफळं, दिव्यांचे प्रायोजक, मांडवाचे प्रायोजक. मागे बसलेल्या सहा वादकांची नावं घ्यायची राहून गेली. राहून गेली म्हणजे कुणाला आठवलंसुद्धा नाही. मी चिठ्ठी पाठवली. निवेदकाने ती वाचली, खिशात घातली आणि पसायदान सुरू केलं. सभागृह उभं राहिलं, मीही राहिले.

आता मामांचं 'नियम नाहीत'. हे बोलणारा माणूस स्वतः बारा वर्षं तबला शिकला आहे म्हणून जास्त राग येतो. मामा, आर्मस्ट्राँगची १९२८ ची 'वेस्ट एंड ब्लूज' मिळवून ऐका. सुरुवातीला तो एकटाच वाजवतो, दहा-पंधरा सेकंद, ठेका नाही, साथ नाही. मग बाकीचे येतात. त्यानंतर हाताने मोजा. चार मात्रांचा एक खण, असे बारा खण झाले की चक्र पूर्ण. परत पहिल्यापासून. कोणत्या खणात कोणते स्वरसमूह यायचे ते ठरलेलं. क्लॅरिनेट असो, पियानो असो, प्रत्येकानं त्याच चक्रात राहून आपलं बोलायचं आणि बाराव्या खणाच्या शेवटी जागेवर यायचं. तुम्ही ज्याला आवर्तन म्हणता, त्याचे चुलते. नियम नाहीत असं वाटतं कारण नियम पोटात गेले आहेत, दिसत नाहीत.

मात्र इथे मला आपल्याकडच्या जाझप्रेमींशीही भांडायचं आहे. ते लगेच म्हणतात, "जाझ म्हणजे त्यांचं शास्त्रीय संगीतच हो!" हे वाक्य मला आवडत नाही. ते वरवर कौतुक आहे, आतून सोवळं आहे. रस्त्यावरच्या गोष्टीला घरात घ्यायची तर आधी तिला आंघोळ घालून, 'शास्त्रीय' असं गंध लावून घ्यायचं. जाझ मोठं आहे ते मयताच्या बँडमधून आलं तरीही, असं नव्हे. मयताच्या बँडमधून आलं म्हणूनच ते तसं आहे. त्यातलं रडणं आणि लगेच नाचणं तिथलंच आहे.

आणि खरं बोलायचं तर मामांचं दुखणं संगीताचं नाहीच. आपल्या घरात सनईशिवाय मंगल कार्य झालं नाही. सनई मंगल, चौघडा मंगल. वाजवणारे घडशी, गुरव मात्र मांडवाच्या कडेला. खालुबाजाशिवाय पालखी निघत नाही, आणि तो वाजवणाऱ्याला किती घरांत ओटीच्या वर बोलावत होते ते आपल्या आजीला विचारायला हवं होतं. ब्रास बँड आला तेव्हा त्यातही वाजवायला आली ती गावाने कडेला ठेवलेलीच माणसं. म्हणून 'बँडवाला' ही आपल्याकडे नोकरी नाही, जात आहे. त्या दिवशी मांडव हसला तो पोराच्या महत्त्वाकांक्षेला हसला नाही. 'आपला मुलगा त्यांच्यात' या कल्पनेला हसला. भाच्याने गिटार मागितली असती तर कुणी हसलं असतं का? क्लासची फी भरून आले असते सगळे.

मामांच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर हे नुसतंच तोंडसुख होईल. हे आयुष्य सोपं नाही. बोल्डनचं सांगितलंच. चिक चॉकलेट मे १९६७ मध्ये गेला तेव्हा फक्त एक्कावन्न वर्षांचा होता. त्याच्या आधीच्या वर्षी आलेल्या 'आखरी खत'मध्ये तो क्लबच्या एका गाण्यात ट्रंपेट वाजवताना दिसतो. स्वतःच्या नावावर त्याने १९५१ च्या 'नादान'सारख्या सिनेमाचं संगीतही केलं, पण आपण त्याला संगीतकार म्हणून कुठल्या यादीत धरलं? पुढे सिंथेसायझर आला आणि पन्नास वादकांचं काम एका पेटीत शिरलं. स्टुडिओच्या बाहेर व्हायोलिनच्या पेट्या घेऊन उभं राहणारी पिढीच संपली. आमचे ट्रंपेटवाले काकाही तसेच, बँड गेला आणि बेंजोच्या मागे उभं राहायची वेळ आली. आता बेंजोवाल्यांच्या पोटावर डीजे आला आहे. तेव्हा 'पोट कसं भरेल' असं मामा म्हणाले असते तर मी गप्प बसले असते, बसून हिशेब केला असता. पण ते तसं म्हणाले नाहीत. सी. डी. देशमुखांचं नाव घेऊन ज्या माणसाला त्यांनी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घातलं, तो माणूस चार हातांवर उभा राहून ऐकत होता. तो काही बोलला नाही. त्याने विश्रांती संपवली आणि पुढचं गाणं सुरू केलं, कारण बिदागी त्या गाण्याची होती.

हे लिहिता लिहिता मी नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे इंग्रजी पुस्तक परत चाळलं. मुंबईच्या या जाझवाल्यांबद्दल ज्याला वाचायचं असेल त्याने ते जरूर मिळवावं. मराठीत या लोकांवर असं पुस्तक माझ्या हाताला लागलेलं नाही. कुणी ब्लॉगवाला मित्र मनावर घेईल तर मी वाटेल ती मदत करीन, टंकलेखनासकट.

आता घरचं. मामा, मावसबहिणीनं तुम्हाला सांगितलं नसेल, तर माझ्याकडून कळू द्या. मी सेकंडहँड ट्रंपेट घेतला आहे. तो माझ्याकडे पेणला असतो, कारण रोह्याच्या घरात वाजवायची सोय नाही. दर रविवारी भाचा रोह्याहून गाडीने येतो. शिकवायला तेच काका येतात. पहिल्या रविवारी ते दारातच चपला काढून उभे राहिले, मी आत या म्हटलं तर म्हणाले, "ताई, ओटीवरच बसतो, आवाज होईल." दुसऱ्या रविवारी आत आले. खुर्चीत अजून बसत नाहीत, स्टुलावर बसतात, वाजवायला तेच बरं म्हणतात. ते खरं की नाही मला कळत नाही. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातली पोरं रंगाचे हात घेऊन कुंपणाशी येऊन उभी राहतात. भाच्याला सा ते प अजून नीट चढता येत नाही, ओठ सुजतात. एकदा रडला. काकांनी त्याला बर्फ लावायला सांगितलं आणि स्वतः एक जुनं गाणं वाजवून दाखवलं, 'अलबेला'तलं. मधल्या तुकड्यासकट. तो तुकडा त्यांना कुणी लिहून दिला नव्हता, त्यांच्या वडलांनी रेडिओवर ऐकून बसवलेला होता, बँडसाठी. मी त्यांना म्हटलं, हे चिक चॉकलेटनं वाजवलेलं आहे. ते म्हणाले, "असेल. आमच्यात याला पितळ्याचा तुकडा म्हणतात."

पुढच्या महिन्यात तुमचं सहस्रचंद्रदर्शन आहे. सनईची सीडी लावणार असं मामी म्हणाली. ती लावू नका. काकांना आणि त्यांच्या जुन्या बँडमधल्या उरलेल्या तिघांना मी बोलते. बिदागी माझ्याकडून. त्यांची ताटं पहिल्या पंगतीत मांडायची, तुमच्या ओळीत, जिलबीसकट. हे जमणार असेल तर रविवारच्या आत फोन करा, म्हणजे त्यांना तारीख सांगता येईल, तुळशीच्या लग्नानंतर त्यांना सुपाऱ्या असतात. जमणार नसेल तर तुम्हाला नमस्कार करायला मी दुसऱ्या दिवशी येईन.